दाजी, यादीत तुमचं नाव आलं

दाजी, तुमचं नाव आलं. इथल्या मतदारयादीत, या गावाच्या, फोटोसकट. फोटोत तुम्ही डोळे असे वटारलेत की शेजारच्या चौकोनातला माणूस बाजूला सरकला असेल. दोन वर्षं ज्या कागदासाठी चपला झिजवल्यात तो कागद तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी दारात आला. यादीचं काम करणाऱ्या शाळेच्या बाई घेऊन आल्या होत्या. त्यांनी दाराबाहेरच्या चपला बघितल्या, ताईचं कपाळ बघितलं, आणि न सांगता समजल्या. बिचाऱ्या चांगल्या आहेत. पाणी प्यायल्या, मग पिशवीतून दुसरा अर्ज काढून म्हणाल्या, आता हा नाव कमी करायचा, घरातल्या कुणीतरी सही करा.

मी म्हटलं, सही होणार नाही.

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, दुःखाने रंजीचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मी बाईंना सरळ सांगितलं की नाव लागायला दोन वर्षं आम्ही थांबलो, आता कापायला पंधरा दिवस तुम्ही थांबा. अर्ज ठेवून जा, सही करून मी स्वतः आणून देईन. बाई ठेवून गेल्या. मी तो घडी घालून तुमच्या खोक्यात टाकला, साहेबांच्या कात्रणांवर.

त्या वेळी माझ्या डोक्यात काही मोठा बेत होता असं समजू नका. मला फक्त ते नाव इतक्या लवकर जाऊ द्यायचं नव्हतं. आणि त्यामागे माझी एक लाज होती, ती आज बोलून टाकते. तुम्ही जायच्या दोन दिवस आधी मी तुम्हाला काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही नेहमीसारखे ओट्यावर बसून विचारत होतात की यादी कधी येणार, आणि मी साडीला लेस लावता लावता म्हटलं, "दाजी, इथल्या यादीच्या आधी यमाच्या यादीत नाव लागेल तुमचं." तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. मेव्हणीची जीभ, दाजीची पाठ, हे आपलं बावीस वर्षं चाललं होतं. पण यमाने ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही ताईकडे चहा मागितला आणि प्यायला थांबला नाहीत. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं असं मला रोज वाटतं. मला माफ करा.

लोक म्हणतात, तुम्ही साहेबांचे भक्त होतात. दुखवट्याला आलेल्या दहाजणांनी हेच म्हटलं. मला राग आला. दिल्लीतल्या त्या साहेबांचं नाव तुम्ही कधी घेत नव्हता हे खरं, बायकोने नवऱ्याचं घेऊ नये तसं, नुसतं साहेब. त्यांचं भाषण लागलं की टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वर, कारण चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या कानाला कमी पुरत नव्हतं. तुमच्यामुळे साहेब काय म्हणाले ते आख्ख्या गल्लीला सक्तीने ऐकावं लागायचं. पेपरवाल्या टपरीवर उभं राहून तुम्ही गुजराती वाचायला शिकलात, तेही साहेब राज्यकारभाराबद्दल काय बोलले ते कळावं म्हणून. कात्रणं साडीच्या खोक्यात. पण भक्त टाळ्या वाजवून घरी जातो. तुम्ही घरी येऊन वाक्याखाली रेघ ओढायचात आणि म्हणायचात, हे आता साहेबांचं राहिलं नाही, सगळ्यांसमोर बोलले, आता हे माझं. मी म्हणायचे, वरून बोलायला काय जातं. तुम्ही म्हणायचात, बोलणारा विसरला तर विसरू दे, ऐकणाऱ्याने का विसरायचं?

ते एक कात्रण तर तुम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्यात साहेब म्हणाले होते की गावाचा कारभार वरून चालत नाही, गावात जे राहतात त्यांनी तो चालवायचा, आणि प्रत्येकाने ग्रामसभेत जाऊन आपला प्रश्न विचारायचा. लाखो लोकांनी ते वाचलं असेल आणि त्यात भजी बांधली असतील. तुम्हाला ते आमंत्रण वाटलं. पुढच्या ग्रामसभेला तुम्ही शर्टाला इस्त्री करून घेतलीत.

प्रश्न खरा होता, त्याबद्दल मी तुमच्याशी कधीच भांडले नाही. सुरतेबाहेर कडोदऱ्याहून पलसाण्याकडे जाताना हायवेच्या अल्याड आपली सोसायटी, पल्याड गाव. जमीन त्या गावाच्या हद्दीतली, घरपट्टी त्या गावाला, पण गावाचं नळाचं पाणी हायवे ओलांडून येत नाही. बायका हंडे घेऊन हायवे ओलांडतात. ट्रकवाले लांबून हॉर्न मारत येतात, आणि डोक्यावर हंडा असलेल्या बाईला पळता येत नाही. ताईच्या गुडघ्याला दोनदा लागलं आहे. तुम्ही एवढंच विचारायला गेला होता की पाणी अल्याड का येत नाही.

तुमचा आवाज मोठा. लूमवाल्या माणसाचं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटतं. तुम्ही उभं राहून बोलायला लागलात आणि सरपंच, तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, उसाच्या शेतीवाला, वाईट माणूस नाही, म्हणाला, "बेसी जाव काका, तमारुं नाम अहीं नथी." बसा काका, तुमचं नाव इथे नाही. तलाट्याने यादी दाखवली. तुमचं नाव खानदेशात, तापीच्या काठावरच्या गावात, जिथे तुम्ही वर्षातून चार दिवस जायचात. तुम्ही बसलात. घरी आलात तेव्हा चहाला हात लावला नाही. ताईने विचारलं काय झालं, तर म्हणालात, "मन्हं नाव तठे शे, मी आठे शे." नाव तिकडे, मी इकडे. घरात आपण रोज अहिराणीच बोलतो, पण त्या दिवशी ते ऐकून मी हातातली साडी खाली ठेवली.

आणि मग तुम्ही ते केलंत, जे फक्त तुम्हीच करू शकता. कुणाला न विचारता दोन दिवसांची रजा काढून गावाला गेलात, तिथलं नाव कापून घेतलंत, आणि वर पेढे वाटलेत. नाव लागल्याचे पेढे मी खाल्ले आहेत, नाव कापल्याचे पहिल्यांदा. डोक्यात एकच होतं तुमच्या, आधी तिकडचा पाय काढायचा, मग इकडे टाकायचा. इकडे आलात तर शाळेच्या बाई म्हणाल्या, काका, तिकडे जायची गरजच नव्हती, इथे एक अर्ज भरला असता तर तिथलं आपोआप निघालं असतं. आता नवीन नाव म्हणून लावावं लागेल, राहण्याचा पुरावा द्या. पुरावा कुठून आणणार? लाइटबिल, घरपट्टीची पावती, सगळं बिल्डरच्या नावावर, घरांना नंबर नाहीत. अर्ज गेला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. दोन वर्षं तुम्ही या देशात कुठलेच नव्हता. मी हसले, गल्ली हसली, लूमवरची माणसं हसली. तरी प्रत्येक ग्रामसभेला तुम्ही जात राहिलात, मागे उभे राहून. बसा म्हणाले की म्हणायचात, बसायला खुर्ची यादीवाल्यांची आहे, मी उभाच बरा.

आता आपलं खरं भांडण. ते मिटलं नाही, आणि ते मला मिटवायचं आहे.

तुम्ही सोसायटीत घरोघर फिरलात की सगळ्यांनी नावं इकडे आणा. सगळ्यांनी मान हलवली, आणलं कुणीच नाही. कारण क्रूझर. गावाकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पॅनलवाले सुरतेला गाड्या पाठवतात, आणि सोसायटीच्या फाटकावर क्रूझर येऊन उभी राहते. येताना पुरी-भाजीचे डबे, थंड पाण्याच्या बाटल्या, खिडकीजवळच्या जागेवरून बायकांची भांडणं. फुकट गावाला, मत टाका, दोन दिवस राहा, फुकट परत. माझं सासर-माहेर एकाच गावात, आणि भाऊ तर स्वतःच पॅनलमध्ये, म्हणजे माझी जागा पुढच्या बाकावर पक्की. तुम्ही मला म्हणालात, रंजे, तू गाडीतल्या एका जागेसाठी आपला हक्क विकतेस. मी म्हणाले, तुम्ही तर फुकटातच टाकून आलात. तुम्ही म्हणालात, ज्या गावाच्या लाकडावर जळणार त्या गावात मी बोलणार. मी म्हणाले, जळायच्या आधी नुसतं जळफळून घ्या. सगळे हसले, तुम्ही उठून गेलात. आठ दिवस बोलला नाहीत.

तुम्हाला वाटलं मी पुरी-भाजीसाठी जाते. मी तुम्हाला तसं वाटू दिलं, कारण खरं सांगायची मला लाज वाटत होती. खरं असं आहे दाजी, की मला दुसऱ्या कुठल्याही कारणाने घराबाहेर पडता येत नाही. लेसचं काम रोजचं, साड्यांचे गठ्ठे दारात, ह्यांना डबा लागतो. आईला बघून येते म्हटलं की हे म्हणतात, दिवाळीत जाऊ. दिवाळी आली की म्हणतात, गर्दी असते. पण क्रूझर आली की कुणी एक शब्द काढत नाही. हेच पिशवी उचलून देतात. मतासाठी बाईला सोडतात, आईसाठी अडवतात. आई ऐंशीची झाली. तिला दिसत नाही, मी गेले की माझ्या बांगड्या चाचपून ओळखते आणि म्हणते, "उनी का माय?" आलीस का. ते दोन शब्द ऐकायला मी माझं नाव तिकडे ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला आला असता, ह्यांच्याशी भांडून. म्हणूनच सांगितलं नाही. माझं घर तुमच्या मोठ्या आवाजाने गल्लीला ऐकू गेलं असतं.

तुम्ही गेलात त्या दुपारी तुमच्या चुलतभावांचा फोन आला की गाडी करून गावाला आणा. आजवर सोसायटीतली सगळी म्हातारी माणसं शेवटी तिकडेच गेली आहेत, ॲम्ब्युलन्समधून. ताई रडत होती, पण त्यावर तिने रडणं थांबवलं आणि म्हणाली, त्यांनी इथेच सांगितलं आहे. मग प्रश्न आला की गावाच्या स्मशानात आपल्याला कोण घेणार. मी पदर खोचला. भांडायच्या तयारीनेच हायवे ओलांडून सरपंचाच्या घरी गेले. तो जेवत होता. ऐकलं आणि ताटावरून उठला. हात धुवून स्वतः चावी घेतली, स्वतःच्या ट्रॅक्टरमधून लाकडं आणली, तुमच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "काका तो अमारा ज हता." काका आमचेच होते. माझी भांडायची सगळी तयारी वाया गेली. मला रडू फुटलं ते तिथे. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण घरी येऊन आंघोळ करताना माझ्या डोक्यात आलं की अरे, हे हा सरपंच दोन वर्षांपूर्वी का नाही म्हणाला? तेव्हा माझं रडू थांबलं आणि जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही.

तुमचं खोकं मी उघडलं. अर्ज ठेवायला गेले होते त्याच दिवशी. कपाटाच्या दारावरचं कात्रण ओळखीचंच, पण खोक्यात एक दुसरं होतं, ते तुम्ही मला कधी दाखवलं नाहीत. त्यात साहेब दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच सभेत म्हणाले आहेत की कारभार एका हाती असला तरच कामं वेगाने होतात, प्रत्येकाला विचारत बसलं तर देश मागे राहतो. दोन्हीखाली तुमची तीच रेघ. आणि कॅलेंडरच्या पानामागे तुम्ही लिहिलेल्या पत्राची नक्कल. मोठ्या अक्षरात, बोलायचात तशी. साहेब, दोन्ही वाक्यं तुमची आहेत, यातलं खरं कोणतं ते कळवा, म्हणजे मी त्याप्रमाणे वागेन. उत्तर आलेलं नाही, ते मला माहीत आहे. आलं असतं तर गल्लीने ऐकलं असतं.

मी ते पान घडी मोडू न देता परत खोक्यात ठेवलं. तुम्ही एकटेच बसून हे लिहिलंत, आणि आम्ही तुम्हाला भक्त म्हणून हसत होतो. मला साहेबांचा राग नाही, त्यांना बिचाऱ्यांना किती ठिकाणी बोलावं लागतं. मला आमचा राग आला. आमच्यात एकच माणूस असा होता की जो मोठ्या माणसाला विचारत होता, तुम्ही बोललात ते खरं ना? आणि त्यालाच आम्ही खुळा ठरवला.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी दहाला क्रूझर आली. रविवारी गावाकडे मतदान. आणि त्याच शनिवारी अकराला इकडे ग्रामसभा. ताईला सव्वा महिना बाहेर पडता येत नव्हतं. भावाचा फोन दोनदा येऊन गेला, आई वाट बघते आहे म्हणून. हे पिशवी घेऊन फाटकावर उभे. गाडीत चौदा माणसं दाटून बसलेली, पुरीचा वास सुटलेला. मी यादीचं पान, न केलेल्या सहीचा अर्ज आणि कपाटावरचं कात्रण, एवढं पिशवीत घेऊन आले आणि ड्रायव्हरला सांगितलं, गाडी एक वाजता निघेल.

तो म्हणाला, मावशी, मला ऑर्डर दहाची आहे. मी म्हटलं, ज्याने ऑर्डर दिली त्याची मी बहीण आहे, आणि इथल्या चौदा मतांना घेऊन जायचं असेल तर थांबावं लागेल, कारण ही चौदा मतं आधी ग्रामसभेला जाणार आहेत. गाडीतून आवाज आले, आम्ही कधी म्हणालो? मी दार उघडून धरलं. तुमची भाषा मला येत नाही दाजी, मला माझीच येते. मी म्हटलं, लाज असेल त्याने उतरावं. त्या माणसाने दोन वर्षं तुमच्या हंड्यासाठी उभं राहून पाय मोडून घेतले, तुम्ही एक तास उभे राहा. पुरी थंड झाली तर मी परत तळून देईन. आधी मागच्या बाकावरच्या दोघी उतरल्या, मग त्यांचे नवरे, मग सगळे. ड्रायव्हरही आला, एकटा बसून काय करणार. ह्यांनी माझी पिशवी खांद्यावरून काढली नाही, तशीच घेऊन मागून आले. आम्ही सगळ्यांनी मिळून हायवे ओलांडला. ट्रकवाल्यांना थांबावंच लागलं, एवढी माणसं एकदम होती.

पंचायतीच्या खोलीत गावची जेमतेम वीस माणसं. तलाटी कोरम मोजत होता आणि तो पुरत नव्हता. आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो तेव्हा त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला, कारण आम्ही मोजणीत चालत नाही. मग दोन-तीन माणसं रस्त्यावरून बोलावून सभा सुरू झाली. समोरच्या भिंतीवर साहेबांचा फोटो, चौकटीतला, तुमच्या कात्रणातल्यापेक्षा मोठा.

मी उभीच होते, म्हणून पुढे झाले. माझी गुजराती दुकानापुरती, पण चालवली. सरपंच म्हणाला, बेन, तुमचं नाव? मी यादीचं पान टेबलावर ठेवलं आणि तुमच्या फोटोवर बोट ठेवलं. म्हटलं, नाव हे. तलाटी हळू आवाजात म्हणाला, ते तर वारले. मी म्हटलं, वारले, पण नाव जिवंत आहे, कापायचा अर्ज माझ्या पिशवीत आहे आणि त्यावर सही नाही. तुमच्या यादीतल्या माणसाचा प्रश्न आहे, तो येऊ शकला नाही, मी आणला आहे. लिहून घ्या. पाणी हायवेच्या अल्याड का येत नाही?

मागून एक गावचाच माणूस हसून म्हणाला, बेन, काका साहेबांच्या भाषणांवर जात होते, ती भाषणं असतात. मी कात्रण काढून साहेबांच्या फोटोखाली धरलं. म्हटलं, भाषण म्हणूनच आणलं आहे. चारचौघांत बोललेलं आहे, कुणाच्या कानात सांगितलेलं नाही. यात जे राहतात त्यांनी विचारावं असं आहे. आम्ही राहतो. तुम्हाला हे खोटं वाटत असेल तर तो फोटो उतरवा, मी बसते.

कुणी फोटो उतरवला नाही. कुणी हसलंही नाही.

मग मी सरपंचाकडे वळले. माझा आवाज तुमच्यासारखा मोठा झाला होता, आणि मला तो आवरायचा नव्हता. मी म्हटलं, "भाई, लाकडं तुम्ही आणलीत, ते मी जन्मभर विसरणार नाही. काका आमचेच, असं तुम्ही तिथे म्हणालात. मग जळायला तुमचे आणि बोलायला बाहेरचे, असं कसं?"

त्याने यादीचं पान स्वतःकडे ओढलं. मला वाटलं आता म्हणेल, बेसी जाव. तो तलाट्याला म्हणाला, "लखो." लिहा. तलाट्याने विचारलं, कोणाच्या नावाने लिहू? सरपंच म्हणाला, काकांच्या. आणि तलाट्याने वहीत तुमचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि पुढे तुमचा प्रश्न, आणि त्याच्या खाली ठराव की हायवेखालून पाइप टाकायची मागणी वर पाठवायची. मी ते वाचून घेतलं. दोनदा.

ठराव लिहिला म्हणजे पाणी आलं नाही, मला माहीत आहे. आज सकाळीही मी हंडा घेऊन हायवे ओलांडला. वर म्हणजे कुठे, आणि तिथे कोणाच्या टेबलावर तो कागद पडून राहील, तेही तुमच्यामुळे थोडंफार कळायला लागलं आहे. पण त्या वहीत तुम्ही बसलेले नाही आहात दाजी. विचारणाऱ्याच्या जागेवर आहात.

दीड वाजता क्रूझर निघाली. पुऱ्या गार झाल्या होत्या, सगळ्यांनी तशाच खाल्ल्या. गावाला पोचले तेव्हा आई ओट्यावरच होती. बांगड्या चाचपल्या, म्हणाली, उनी का माय. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, यमाच्या यादीचंही. ती म्हणाली, मरणाऱ्याला थट्टा लागत नाही, लागते ती न केलेली विचारपूस. दुसऱ्या दिवशी मी मत टाकलं, भावाला. निघताना त्याला सांगितलं की हे शेवटचं, पुढच्या वेळी गाडीत माझी जागा धरू नकोस. तो चिडला, म्हणाला सुरतेने तुला काय दिलं? मी म्हटलं, दिलं नाही, म्हणूनच. आणि आईला सांगितलं, आता मी तिकीट काढून येईन, भुसावळच्या गाडीने, मनाला येईल तेव्हा. परत येताना गाडीतच ह्यांनाही ते सांगितलं, चौदा माणसांसमोर. म्हटलं, दर दोन महिन्यांनी आईकडे जाणार, मत असो नसो. ह्यांनी उठून खिडकीची जागा मला दिली.

सोमवारी मी शाळेच्या बाईंकडे गेले. तुमचा अर्ज बाहेर काढला, त्यांच्यासमोर सही केली. कारणाच्या जागी बाईंनी मृत्यू लिहिलं आणि मी ते वाचलं नाही. मग दुसरा अर्ज मागितला, माझा. तुमच्यासारखं तिकडे जाऊन पेढे वाटले नाहीत, एकाच कागदात इकडे आणते आहे, तुम्ही केलेल्या चुकीचा एवढा तरी फायदा. पुराव्याला बिल नाही, म्हणून ठरावाच्या त्या पानाची नक्कल लावली, सरपंचाच्या सहीची, ज्यात या सोसायटीत माणसं राहतात असं पहिल्यांदा लिहिलेलं आहे. ताईचा अर्ज सव्वा महिना संपला की. क्रूझरमधल्या मागच्या बाकावरच्या दोघी काल विचारून गेल्या की फोटो कुठे काढायचा.

माझा अर्ज परत येईल, याची मला खात्री आहे. पुन्हा भरेन. पुढच्या ग्रामसभेला नाव आलेलं नसेल, तरी मी जाणार. तुम्ही उभे राहायचात ती भिंतीलगतची जागा मी बघून ठेवली आहे. आता कुणी म्हणू दे मला, बेसी जाव बेन.